बंदराच्या दारातली कटती



वेरूळचे कैलास लेणे आपण लहानपणापासून बघत आलो. परगावचा पाहुणा आला की त्याला आपण अभिमानाने सांगतो, हे देऊळ खालून वर बांधलेले नाही, वरून खाली कोरलेले आहे. आधी शिखर मोकळे केले, मग भिंती, मग खांब, आणि सगळ्यात शेवटी पायथा. छिलून छिलून जे उरले ते देऊळ.

आपल्या कापसाचा भावही असाच वरून खाली कोरला जातो. वरचे टोक म्हणजे समुद्रापलीकडच्या बाजारात रुईच्या गाठीला मिळणारा पैसा. त्यातून जहाजाचे भाडे छिलले जाते, मग बंदराचा आकार, ट्रकचे भाडे, दलाली, बँकेचे व्याज, जिनिंग-प्रेसिंगची मजुरी. सगळ्यांचे छिलून झाले की खाली जे उरते, तो आपला भाव. फरक एवढाच की वेरूळच्या कारागिरांना प्रत्येक घाव कुठे घालायचा ते ठाऊक होते. आपल्या भावावर कोण किती घाव घालतो, याची वही कोणी ठेवत नाही.

या अंकात त्यातल्या एका घावाचा हिशेब मांडायचा आहे. उरण तालुक्यातल्या न्हावाशेवा बंदराच्या दाराबाहेर कंटेनर घेऊन ट्रक उभे राहतात, त्या उभ्या राहण्याची किंमत. कोणी म्हणेल, इथे बोंडअळीने आणि पावसाने जीव घेतला आहे, आणि संपादक बंदराच्या रांगेचे काय घेऊन बसले? शेवटपर्यंत वाचा, आणि मग बैठकीत येऊन भांडा.

ही रांग आपल्या ओळखीची आहे

एकाधिकार खरेदीचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना रांग शिकवावी लागत नाही. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. वडिलांबरोबर कापसाची गाडी घेऊन एका खरेदी केंद्रावर गेलो होतो. पुढे गाड्या, मागे गाड्या. दोन रात्री गाडीखाली झोपलो. घरून बांधून आणलेल्या ज्वारीच्या भाकरी दुसऱ्या दिवशी दुपारी संपल्या. बैलांसाठी आणलेला कडबा संपला, तेव्हा वडिलांनी शेजारच्या गाडीवाल्याकडून चार पेंढ्या विकत घेतल्या. तिसऱ्या दिवशी माप झाले. पावतीवर वजन होते, प्रत होती, भाव होता, कपात होती. दोन रात्री मात्र कुठेच नव्हत्या. कडबा, बुडालेली दोन दिवसांची मजुरी, घरी आईने एकटीने ओढलेले काम, यातले काही पावतीवर आले नाही. पुढे कृषी महाविद्यालयात उत्पादन खर्चाचे तक्ते शिकलो. बियाणे, खत, औषध, मजुरी, बैलजोडी असे सगळे रकाने त्यात होते. रांगेचा रकाना नव्हता.

बऱ्याच वर्षांनी काही जणांनी मिळून आल्याचा माल एका व्यापाऱ्यामार्फत बाहेर पाठवला, तेव्हा तो कसा जातो ते बघावे म्हणून मी ट्रकमध्ये बसून उरणपर्यंत गेलो. रात्र रस्त्यावर काढली. चालक परळीकडचा तरुण पोरगा. त्याने स्टोव्ह पेटवला, पिठले केले, आणि म्हणाला, "काका, इथे घड्याळ बघायचे नाही, पुढच्या ट्रकची लाल बत्ती बघायची." बत्ती विझली, ट्रक सरकला, की आपणही सरकायचे. दर वेळी इंजिन चालू करायचे, चार हात पुढे जायचे, पुन्हा थांबायचे. सकाळी मला वडिलांची गाडी आठवली. बैलांच्या जागी डिझेल आले होते. बाकी सगळे तेच होते.

पेटीचा प्रवास

आधी गणित समजून घेऊ. रुईची एक गाठ १७० किलोची. चाळीस फुटी कंटेनरमध्ये साधारण दीडशे गाठी बसतात, म्हणजे साडेपंचवीस टन रुई. शंभर किलो कापसातून ३४ किलो रुई निघते असे धरले, तर एका कंटेनरमागे ७५० क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटलचा उतारा धरा. एक कंटेनर म्हणजे दीडशे एकराचे पीक. बंदराच्या दारात एक ट्रक अडला म्हणजे एका लहान गावाचा हंगाम अडला.

न्हावाशेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. आज देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांत त्याची गणना होते. कंटेनर मोजण्याचे माप वीस फुटी पेटीचे असते. त्या मापाने २०२४-२५ या वर्षात तिथे सुमारे ७३ लाख पेट्यांची चढउतार झाली. भागाकार करा. रोजच्या वीस हजार होतात. यातला रेल्वेने जाणारा-येणारा हिस्सा पाचव्या भागाच्याही खाली राहिला आहे. बाकीचा जवळजवळ सगळा भार रस्त्यावर, ट्रेलरच्या चाकांवर.

आता रांग लागते कशी ते पाहा. रिकामा कंटेनर बंदराच्या आसपासच्या डेपोत पडलेला असतो. माल जिनिंगमध्येच भरायचा तर तो रिकामा कंटेनर साडेतीनशे किलोमीटर इकडे ओढत आणावा लागतो, आणि भरून पुन्हा तेवढाच खाली न्यावा लागतो. नाही तर गाठी साध्या ट्रकने खाली नेऊन तिथल्या गोदामात कंटेनरमध्ये भरायच्या. दोन्हीकडून ट्रकची एक खेप रिकामी जाते. मग बंदराचा प्रवेश परवाना, म्हणजे फॉर्म १३, हातात पडायला हवा. सील तपासले पाहिजे, कस्टमचा कागद लागला पाहिजे. जहाजासाठी टर्मिनलचे दार ठरावीक वेळ उघडे असते, ती वेळ संपली की माल पुढच्या जहाजावर. म्हणून सगळेच ट्रक त्या वेळेला एकदम दारावर जातात. आणि टर्मिनल एक नाही, अनेक आहेत. प्रत्येकाचे दार वेगळे, जहाज वेगळे. एका ट्रकचा कागद अडला की त्याच्या मागच्या पन्नासांचा काहीही दोष नसताना ते उभे राहतात.

हिशेब

आता पैशाकडे येऊ. खालचे आकडे कुणाच्या अहवालातले नाहीत. आपण बांधावर मांडतो तसा हा हिशेब आहे, तो आपल्या गावच्या ट्रकमालकाला दाखवून दुरुस्त करून घ्या.

ट्रेलरचा हप्ता, विमा, कर आणि चालकाचा पगार मिळून महिन्याला ८० हजार रुपये लागतात असे धरू. ट्रक चालो वा उभा राहो, हे लागतातच. रांग नसेल तर तो महिन्यात बंदराच्या आठ खेपा करील. रांगेमुळे पाचच झाल्या. आठ खेपांवर हा खर्च दहा हजार रुपये खेप पडतो, पाचांवर सोळा हजार. म्हणजे उभे राहण्याचे सहा हजार रुपये दर कंटेनरला. ते ट्रकमालक खिशातून देत नाही, भाड्यात धरतो. व्यापारीही खिशातून देत नाही, जिनिंगच्या भावात धरतो. जिनिंगवाला काट्यावर धरतो. काट्याच्या पलीकडे आपण उभे असतो, आणि आपल्याला धरायला पुढे कोणी नसते.

सहा हजाराला ७५० क्विंटलांनी भागा. क्विंटलला आठ रुपये.

इथे प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. आठ रुपये ही काही कापूस शेतकऱ्याला बुडवणारी रक्कम नाही. रांग संपली की कापूस सोन्याच्या भावाने जाईल, असे कोणी सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण हेच गणित कांद्याला लावा. वैजापूर-कन्नडचा कांदा कंटेनरमध्ये अडीचशे-पावणेतीनशे क्विंटल बसतो. तिथे हाच खर्च क्विंटलला वीस-पंचवीस रुपये होतो. मक्यालाही तेवढाच. माल जितका स्वस्त तितकी रांग महाग. आणि कांदा, आले यांना रांगेत नुसते भाडे लागत नाही, ते सडतातही.

याहून मोठी कटती भीतीची असते. जहाज चुकले तर कंटेनरचे जादा भाडे, गोदामाचा आकार, पत्राची मुदत, परदेशी गिऱ्हाइकाची बोलणी. हे दर वेळी होत नाही. पण होऊ शकते म्हणून व्यापारी दर वेळी त्याचे पैसे बाजूला काढून मगच भाव बोलतो. प्रत्यक्ष रांग आठ तासांची असेल, भावात ती दोन दिवसांची धरलेली असते. आडतीच्या वजनकाट्यावरच्या कटतीविरुद्ध आपण भांडलो, कारण ती डोळ्यांना दिसत होती. ही कटती साडेतीनशे किलोमीटरवर होते, म्हणून तिच्यावर आजवर कुणी बोट ठेवले नाही.

ज्वारीवाले म्हणतील, आमची ज्वारी कुठे जहाजावर चढते? खरे आहे. पण फवारणीच्या औषधाचा कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग याच दारातून आत येतात. जातानाची कटती भावात लागते, येतानाची किमतीत लागते.

धूर कुणाच्या छातीत

पैशाचे झाले, आता धुराचे. अवजड ट्रकचे इंजिन नुसते उभ्या उभ्या चालू राहिले तर तासाला साधारण तीन लिटर डिझेल जाळते. दहा तासांच्या रांगेत निम्मा वेळ इंजिन चालू धरले तर पंधरा लिटर. असे हजार ट्रक उभे आहेत असे धरा. पंधरा हजार लिटर डिझेल, एकही किलो माल एकही पाऊल पुढे न नेता, एका दिवसात. एका लिटर डिझेलमागे २.६८ किलो कार्बन वायू हवेत जातो. पंधरा हजार लिटरचा तो चाळीस टन होतो. आपल्या भाषेत सांगायचे तर नांगरटीला एकरी सहा लिटर धरून तेवढ्या डिझेलमध्ये अडीच हजार एकर नांगरून होतात.

हवा तापली की पाऊस बेभरवशाचा होतो, हे कोरडवाहू शेतकऱ्याला परिषद भरवून सांगावे लागत नाही. आपल्या चुलीच्या धुरावर आणि शेतातल्या पऱ्हाट्या जाळण्यावर बोट ठेवणारे खूप आहेत. त्यांनी हे बोट एकदा बंदराच्या दाराकडेही वळवावे.

पण त्या धुराचा पहिला वाटा आपल्याला मिळत नाही. तो उरण-पनवेलच्या गावांना मिळतो आणि ट्रकमध्ये झोपलेल्या चालकाला मिळतो. डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिलेला आहे. आणि ही गावे कोणाची? शेतकऱ्यांची, आगरी-कोळ्यांची. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली हीच माणसे रस्त्यावर आली. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण पडले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचे तत्त्व त्या रक्तातून आले. ज्यांनी भातखाचरे आणि मिठागरे दिली त्यांच्याच नातवंडांच्या शाळेच्या वाटेवर आज ट्रेलर उभे असतात. चालक तरी कोण? मराठवाड्यातल्या दोन एकरवाल्याचा धाकटा मुलगा. शेती पुरेना म्हणून स्टिअरिंगवर बसला. रांगेत त्याला ना सावली, ना पाणी, ना शौचालय, ना थांबल्या तासांचा पैसा. म्हणून ही लढाई उरणकरांविरुद्ध आपली नाही, चालकाविरुद्धही नाही. तिघेही एकाच रांगेत उभे आहेत.

रस्ता रुंद करून रांग जात नाही

रांग दिसली की सरकारला एकच औषध सुचते, रस्ता रुंद करा. म्हणजे पुन्हा कुणाची तरी जमीन. समृद्धी महामार्गाचा अनुभव ताजा आहे. नागपूर ते आमणे ७०१ किलोमीटरचा हा रस्ता २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला. आपल्या माळीवाड्यावरून ट्रक चढला की काही तासांत भिवंडीच्या बाजूला उतरतो. छान झाले. पण ज्या रांगेत ट्रक उभा राहायचा, तीत तो आता थोडा लवकर जाऊन उभा राहील. पाटाला पाणी जोरात सोडले आणि खालचे दार तेवढेच उघडे ठेवले, तर पाणी फुगणारच.

रांग रस्त्यात जन्मत नाही, दारात जन्मते. २०१७ च्या जूनमध्ये याचा पुरावाच मिळाला. संगणकावरच्या जागतिक हल्ल्यात न्हावाशेव्यातल्या एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. रस्ता तोच होता, ट्रक तेवढेच होते, जहाजेही होती. आत कागद हलेना म्हणून बाहेर ट्रक हलेना.

काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१६ पासून कंटेनरवर रेडिओ पट्टी लावून तो कुठे आहे ते कळण्याची सोय झाली. २०१७ पासून निर्यातदाराला आपल्या जागेवरच इलेक्ट्रॉनिक सील लावून माल थेट बंदरात नेता येतो. बंदराने ४५ हेक्टरवर दीड हजार ट्रेलर मावतील असा सामाईक वाहनतळ बांधला. २०२५ च्या सप्टेंबरात बॅटरीवर चालणारे अवजड ट्रक आणले. ही सगळी कामे चांगली आहेत. पण वाहनतळ म्हणजे रांगेला बसायला दिलेली सतरंजी. रांग रस्त्यावरून मैदानात गेली, हिशेबातून गेली नाही. आणि दाराच्या आत बॅटरी फिरली तरी दाराबाहेर डिझेल जळतच राहते.

वेळ दिली, पण चुकल्याचा दंड कोणाला?

यावर जगभरचा उपाय एकच, वेळ ठरवून देणे. अमुक ट्रकने अमुक तासाला यावे. ऐकायला सोपे आहे. पण तो कुठे साधला आणि कुठे फसला, हे आपण बारकाईने पाहिले पाहिजे.

अमेरिकेत लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जोड बंदरांसाठी कॅलिफोर्निया राज्याने २००२ साली कायदा केला. ट्रक दाराबाहेर अर्ध्या तासाहून जास्त इंजिन चालू ठेवून उभा राहिला तर टर्मिनलला अडीचशे डॉलर दंड. वेळ-नोंदणीची सोय ठेवली तर मात्र सूट. टर्मिनलांनी सूट मिळवण्यापुरती नोंदणी उघडली. अभ्यासकांनी पुढे तपासले तेव्हा रांगेत फारसा फरक पडलेला दिसला नाही. २००५ मध्ये तिथे दुसरी युक्ती केली. दिवसा येणाऱ्या मालावर आकार, रात्री येणाऱ्याला माफी. माल बराचसा रात्रीकडे सरकला खरा, पण संध्याकाळी माफी सुरू होण्याच्या आधी ट्रक दाराशी येऊन थांबू लागले. रांगेने आपली वेळ बदलली. शेवटी २०१८ मध्ये ती पद्धत बदलून दिवसरात्र एकच आकार आणि वेळेची नोंदणी अशी करावी लागली.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या पोर्ट बॉटनी बंदरात २०११ मध्ये राज्य सरकारने वेगळा नियम आणला. ट्रक ठरल्या वेळेला आला नाही तर ट्रकवाल्याने टर्मिनलला पैसे द्यायचे. ट्रक वेळेवर आला आणि टर्मिनलने ठरल्यापेक्षा जास्त वेळ उभा ठेवला, तर टर्मिनलने ट्रकवाल्याला पैसे द्यायचे. मोजमाप दोघांचेही, दंड दोघांनाही. ट्रकला आत-बाहेर लागणारा वेळ तिथे भरवशाचा झाला. आता मुद्द्याची गोष्ट ऐका. त्या बंदरात ज्या कंपन्यांना हा नियम लागू झाला त्यांत डीपी वर्ल्ड आहे. याच डीपी वर्ल्डची टर्मिनले न्हावाशेव्यातही आहेत. तिथे जे जमते ते इथे का जमू नये? कंपनी तिथे संत आणि इथे चोर असा प्रकार नाही. तिथे नियम आहे, इथे तसा नियम नाही, एवढाच फरक.

यातला धडा आपल्याला वेगळ्या मार्गानेही मिळाला आहे. २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाने ॲप काढून खरेदीसाठी नोंदणी आणि तारीख देण्याची पद्धत आणली. कल्पना वाईट नाही. दोन रात्री गाडीखाली झोपण्यापेक्षा तारीख बरी. पण तारीख चुकली तर नुकसान शेतकऱ्याचे, आणि तारखेला जाऊनही उभे राहावे लागले तर तेही नुकसान शेतकऱ्याचेच. वेळेचा करार दोन्ही बाजूंना बांधत नसेल तर तो करार नव्हे, हुकूम. बंदरातही निव्वळ नंबर लावून भागणार नाही. रांग लावणाऱ्याला रांगेचा खर्च सोसावा लागला तरच रांग तुटेल.

सरकारही रांग लावते

टर्मिनलवाल्यांवर सगळे ढकलून सरकारला मोकळे सोडायचे नाही. २०१२ च्या मार्चमध्ये कापसाची निर्यात एका फर्मानाने थांबवली. २०२० च्या सप्टेंबरात कांद्याची थांबवली, तेव्हा न्हावाशेव्यात कांद्याचे कंटेनर अडकून पडले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, त्याच डिसेंबरात पुन्हा बंदी, ती उठली २०२४ च्या मे महिन्यात. एका संध्याकाळी कागद निघतो, आणि वाटेत असलेला, दारात असलेला, आत गेलेला माल जागच्या जागी गोठतो. जगातली कोणतीही वेळ-नोंदणी या रांगेपुढे टिकत नाही. शिवाय पुढच्या वर्षी व्यापारी या भीतीचेही पैसे आपल्या भावातून आधीच कापून घेतो.

रेल्वेचेही तेच. दौलताबादजवळच्या माळीवाड्याला कंटेनरसाठी रेल्वे डेपो उभारला गेला. जालन्याजवळच्या ड्राय पोर्टचे भूमिपूजन २०१५ च्या डिसेंबरात झाले. रेल्वेने दिल्लीकडच्या दादरीपासून न्हावाशेव्यापर्यंत १५०६ किलोमीटरचा खास मालगाड्यांचा मार्ग आखला, आणि त्यात बंदराला जोडणारा वैतरणेपासूनचा तुकडाच सर्वांत मागे रेंगाळला. तुम्ही आजही आपल्या भागातल्या जिनिंगच्या फाटकावर उभे राहा. गाठी ट्रकनेच निघतात. एका मालगाडीत नव्वद वीस-फुटी पेट्या जातात. तेवढे ट्रेलर रांगेतून कमी होतील, तेवढा धूर कमी होईल. पण व्यापारी रेल्वेकडे वळेल तो गाडीची वेळ पक्की असेल तर. डेपोच्या कोनशिलेवर भरवसा ठेवून कोणी माल पाठवत नाही.

आपल्या मागण्या

जिल्हा बैठकीत पुढील ठराव मांडावेत, त्यांवर चर्चा व्हावी, आणि जे पटतील ते मंजूर करून बंदर प्राधिकरण, रेल्वे आणि दोन्ही सरकारांकडे पाठवावेत:

१. ट्रकला वेळ ठरवून द्यावी आणि दंड दोन्ही बाजूंना असावा. ट्रक उशिरा आला तर ट्रकने, टर्मिनलने खोळंबा केला तर टर्मिनलने भरपाई द्यावी. २०२२ पासून न्हावाशेव्यात कंटेनरची सर्व टर्मिनले खासगी चालकांकडे आहेत आणि प्राधिकरण घरमालक आहे. भाडेकराराची अट घालणे हे घरमालकाचे काम आहे.

२. कोणत्या टर्मिनलच्या दारात ट्रकला सरासरी किती तास लागले, हे रोज जाहीर करावे. पट्ट्या लागल्या आहेत, आकडा यंत्रात आहे. बाजार समितीच्या फळ्यावर भाव लागतो तसा हा आकडाही लागला पाहिजे.

३. रिकामे कंटेनर जालना आणि माळीवाड्याकडे पुरेसे साठवावेत, म्हणजे ट्रकच्या रिकाम्या खेपा वाचतील. बंदरात भरलेला उतरवणाऱ्या ट्रेलरला त्याच फेरीत परतीचा माल मिळावा.

४. मराठवाड्यातून बंदरापर्यंत ठरल्या वारी, ठरल्या वेळी सुटणारी कंटेनर गाडी हवी. डबे भरोत वा न भरोत, ती सुटली पाहिजे. एकेरी लाइनच्या दुहेरीकरणाचे काम त्यासाठी लवकर संपवावे.

५. निर्यातबंदी वा शुल्काचा हुकूम निघण्याआधी सील झालेल्या मालाला तो लागू होऊ नये.

६. थांबावे लागणाऱ्या चालकांना सावली, पाणी, शौचालय आणि थांबलेल्या तासांचे पैसे. रस्त्याच्या नावाखाली नव्याने जमीन घेण्याआधी दाराचा कारभार सुधारल्याचा पुरावा.

आणि आपण?

दुसऱ्याकडे बोट दाखवून घरी जायचे ही आपल्या चळवळीची रीत नाही. आपल्या हातात तीन गोष्टी आहेत. एक, भावाची फोड मागा. काट्यावर भाव सांगितला की विचारा, बंदरापर्यंतचे भाडे किती धरले, त्यात थांबण्याचे किती? पहिल्यांदा हसतील. दहा गावांतून विचारणा झाली की हसणे थांबेल. दोन, ज्या गावांत शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत त्यांनी एक पूर्ण कंटेनर भरेल एवढा एकसारखा माल एकत्र करावा, जिनिंगमध्येच भरून, सील करून थेट बंदरात पाठवावा. गोदामाचा एक थांबा वाचेल. तीन, आपल्या गावचे जे तरुण बंदराच्या फेऱ्या करतात, त्यांनी एक साधी वही ठेवावी. दाराशी कधी पोहोचलो, आत कधी गेलो, बाहेर कधी पडलो, डिझेल किती लागले. तीन महिन्यांच्या शंभर वह्या जमल्या तर सरकारच्या टेबलावर ठेवायला आपला स्वतःचा आकडा असेल. वर मी मांडलेले ठोकताळे तेव्हा खोडून टाका, मला आनंदच होईल.

वडिलांच्या त्या पावतीवर दोन रात्रींचा रकाना नव्हता, कारण कुणी तो मागितलाच नव्हता. ते बिचारे म्हणायचे, रांग म्हणजे नशीब, त्याला काय करणार? रांग नशिबाने लागत नाही. ज्याला ती लावण्यात तोटा नाही तो ती लावतो, आणि ज्याला ती मोजता येत नाही तो ती सोसतो. आधी मोजायला शिकू. वह्या आणि पेन्सिली बैठकीच्या दाराशी ठेवलेल्या आहेत. जाताना आपल्या गावच्या चालक पोरांसाठी एकेक घेऊन जा.